दोष अंगठ्याचा नव्हे

गेम कंट्रोलरच्या स्टिकला बोटही लागलेले नसताना ती एका बाजूला रेटली जात असल्याचा संदेश कन्सोलला जाऊ लागला, की त्या बिघाडाला स्टिक ड्रिफ्ट म्हणतात. पडद्यावरचे पात्र आपोआप चालू लागते, बंदुकीचा नेम हळूहळू डावीकडे वाहत जातो, मेनूतली निवड स्वतःहून खाली घसरते. कंट्रोलरची बटणे, बॅटरी, कंपनाची मोटर सगळे ठणठणीत असते. बिघडलेला असतो तो अंगठ्याखालचा एक लहानसा सुटा भाग, आणि पूर्ण कंट्रोलरच्या किमतीपुढे त्या भागाची किंमत नगण्य असते. तरीही खापर बहुधा खेळणाऱ्यावर फुटते. दुकानदार, सेवा केंद्रे आणि जाणते मित्र यांच्याकडून चार ठरलेली उत्तरे मिळतात: स्टिक फार जोरात दाबली जाते, कंट्रोलर धुळीत राहतो, घासणारी वस्तू झिजणारच, आणि याहून टिकाऊ स्टिक परवडणारी नाही. यातले एकही उत्तर तपासणीत टिकत नाही.

आधी रचना पाहायला हवी, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येकात कार्बनचा लेप दिलेली एक पट्टी असते. तिच्या दोन टोकांमध्ये ठरावीक व्होल्टेज असते आणि पट्टीवरून धातूची एक बारीक जीभ सरकत असते. जीभ मध्यावर असली की निम्मे व्होल्टेज मिळते, कडेला गेली की कमी किंवा जास्त. कंट्रोलरमधली चिप ते व्होल्टेज आकड्यात बदलते आणि खेळाला कळते की स्टिक कुठे आहे. अंगठा उचलला की स्प्रिंग स्टिकला मध्यावर आणते.

म्हणजे प्रत्येक हालचालीत धातू कार्बनवर घासतो. लेप विरत जातो, त्याची भुकटी त्याच डबीत साचते, जिभेची पकड ढिली होते आणि स्प्रिंगचा ताणही कालांतराने उतरतो. सर्वाधिक झीज मध्याच्या आसपास होते, कारण जवळजवळ प्रत्येक हालचाल तिथून निघते आणि तिथेच परतते. नेमक्या त्याच जागी अचूकतेची गरज सर्वाधिक असते. स्टिक पूर्ण कडेला रेटलेली असताना मापात थोडी चूक झाली तर खेळाडूला जाणवणारही नाही. मध्यावर तेवढीच चूक झाली की पात्र चालू लागते. ज्या ठिकाणी भाग सर्वात लवकर झिजतो आणि ज्या ठिकाणी त्याने मुळीच झिजू नये, ती ठिकाणे या रचनेत एकच आहेत. ड्रिफ्टचे मूळ कारण हे आहे, आणि ते कारखान्यातून बाहेर पडतानाच कंट्रोलरमध्ये असते.

आता पहिले उत्तर, जोरात दाबण्याचे. दुरुस्तीचे सुटे भाग विकणाऱ्या आणि उपकरणे उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये सोनीच्या पीएस५ कन्सोलसोबत येणाऱ्या ड्युअलसेन्स कंट्रोलरची चिकित्सा केली. त्यातला स्टिकचा भाग आल्प्स या जपानी कंपनीचा निघाला. त्याच्या तांत्रिक पत्रकात कार्यकाल २० लाख आवर्तनांचा दिलेला होता. कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोनसारख्या धावपळीच्या खेळात स्टिक मिनिटाला साधारण ८० आवर्तने करते असे धरले, तर हा कार्यकाल सुमारे ४१७ तासांत संपतो. रोज दोन तास खेळणाऱ्याच्या हातात तो २०९ दिवसांत पुरा होतो. पत्रकातली मर्यादा ओलांडली की भाग त्याच क्षणी बंद पडतो असे नाही. त्यापुढे त्याच्या मापाची खात्री बनवणारा देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण या हिशेबात जोराचा कुठेच संबंध नाही. हळुवार अंगठ्यानेही आवर्तने तेवढीच होतात. क्रिकेटचा किंवा कोड्यांचा खेळ खेळणाऱ्याचा कंट्रोलर जास्त वर्षे चालतो, कारण त्या खेळांत स्टिक कमी फिरते. त्याचा स्वभाव शांत आहे म्हणून नव्हे.

पुण्याजवळ मुळशी तालुक्यातल्या लवळे गावात हा हिशेब अधिक जाचक ठरतो. लवळ्याच्या परिसरात सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आणि फ्लेम विद्यापीठ या दोन मोठ्या निवासी संस्था आहेत आणि हजारो विद्यार्थी वसतिगृहात राहतात. वसतिगृहातला कन्सोल एकाचा नसतो. एकाने विकत घेतलेला कंट्रोलर खोलीतले सगळे फिरवून वापरतात, शेजारच्या खोलीतलेही येतात. रोजचा वापर चार तास धरला, तरी तोच कार्यकाल साडेतीन महिन्यांत, म्हणजे एका सत्रातच उरकतो. खेळण्याचे उपकरण चार मित्रांनी मिळून वापरणे हा गैरवापर होऊ शकत नाही. ते बनवलेच त्यासाठी आहे. कंपन्यांच्या जाहिरातींतही एका सोफ्यावर बसलेले मित्रच दाखवलेले असतात.

दुसरे उत्तर धुळीचे. त्यात थोडे तथ्य आहे. लवळ्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर बांधकामे चालू असतात, मार्च ते मे खिडकी उघडी राहिली की टेबलावर मातीचा थर चढतो आणि त्यानंतरचे चार महिने मुळशीची दमट हवा असते. स्टिकच्या भोवतालच्या फटीतून बारीक कण आत जातात आणि जिभेखाली अडकतात. अशा वेळी स्टिक कधी चिकटल्यासारखी वागते, कधी मोकळी होते. पण ब्रिटनमधल्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेने २०२२ मध्ये ड्रिफ्ट झालेले जॉय-कॉन, म्हणजे निन्टेन्डो स्विच कन्सोलचे कंट्रोलर, प्रयोगशाळेत उघडवले, तेव्हा आतल्या प्लॅस्टिकच्या सर्किट पट्ट्यांवर झीज आढळली आणि धूळ रोखण्यासाठी बसवलेले आच्छादन असूनही कण आत शिरलेले दिसले. धूळ येणार हे कंपनीला ठाऊक होते म्हणूनच आच्छादन होते. ते पुरेसे नव्हते. शिवाय पोटेन्शिओमीटरच्या डबीतली पुष्कळशी भुकटी बाहेरून आलेली नसतेच, ती झिजलेल्या कार्बनची असते. कंट्रोलर काचेच्या पेटीत ठेवून खेळले तरी ती तयार होईल. आणि जे उपकरण भारतात विकायला आणले आहे, त्याने भारतातली धूळ आणि भारतातला पावसाळा सोसला पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही.

तिसरे उत्तर सर्वात गंभीर आहे, कारण ते थेट निर्मात्याकडून आलेले आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ओएलईडी पडद्याचा स्विच बाजारात आला, तेव्हा निन्टेन्डोच्या तंत्रविकास विभागाचे प्रमुख को शिओता यांनी कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या मुलाखतीत स्टिकच्या झिजेची तुलना मोटारीच्या टायरशी केली. टायर रस्त्याशी घासत असल्यामुळे गाडी चालेल तसा तो झिजतो. एकमेकांना लागून हलणाऱ्या भागांचेही तसेच, असा त्यांचा आशय होता. भौतिकशास्त्र म्हणून हे विधान बरोबर आहे. पण तुलना करायचीच तर ती पुरी करायला हवी. टायरच्या खाचेत झीज दाखवणारी खूण असते, ती पाहून चालक टायर कधी बदलायचा ते ठरवतो. टायरच्या बाजूवर त्याचे माप छापलेले असते. पिरंगुटला किंवा पौड रस्त्यावरच्या कोणत्याही टायरच्या दुकानात, कोणत्याही कंपनीचा त्या मापाचा टायर मिळतो आणि अर्ध्या तासात बसवून मिळतो. टायर झिजला म्हणून कोणी नवी गाडी घ्या म्हणत नाही. कंट्रोलरच्या स्टिकवर झिजेची खूण नाही, खोक्यावर आवर्तनांचा आकडा नाही, सुटा भाग कंपनी दुकानात विकत नाही, आणि तो बदलायचा तर सर्किट बोर्डवर तिन्ही बाजूंनी डाख दिलेले चौदा पाय सोडवावे लागतात. झिजणारा भाग बदलता येईल असा बनवायचा नाही आणि झीज मात्र नैसर्गिक म्हणायची, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

हा भाग बदलता येईल असा बनवणे अशक्य आहे, असेही कोणी म्हणू शकत नाही. सोनीने २०२३ च्या जानेवारीत आणलेल्या ड्युअलसेन्स एज या कंट्रोलरमध्ये स्टिकचा पूर्ण भाग खटका दाबून बाहेर निघतो आणि नवा बसवता येतो. डाख नाही, स्क्रू-ड्रायव्हर नाही. भारतात हा कंट्रोलर १८,९९० रुपयांना आला, साध्या ड्युअलसेन्सच्या सुमारे तिप्पट. त्या किमतीत इतर सोयीही आहेत हे खरे. पण झिजणारा भाग बदलता येणे ही चैनीची सोय ठरवली गेली, आणि ज्याला ती सर्वाधिक हवी तो विद्यार्थी तिच्यापासून दूर ठेवला गेला.

चौथे उत्तर पैशाचे: न झिजणारी स्टिक महाग पडते. एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवून दिले की विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र आणले, की पट्टीच्या दोन कडांमध्ये लहानसे व्होल्टेज तयार होते. स्टिकच्या बुडाशी चुंबक आणि समोर हॉल सेन्सर बसवला, की स्टिक कुठे आहे ते घर्षणाशिवाय मोजता येते. मोजणाऱ्या भागात काहीच कशाला घासत नाही. ही कल्पना कालपरवाची नाही. सेगा कंपनीने १९९८ मध्ये जपानमध्ये आणलेल्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हेच तंत्र होते. त्यानंतरची पंचवीस वर्षे मोठ्या कंपन्यांचे नेहमीच्या किमतीचे कंट्रोलर बहुतांशी कार्बनच्या पट्टीवरच चालत राहिले. दरम्यान गुलीकिट आणि एटबिटडू या चिनी कंपन्यांनी हॉल सेन्सरचे कंट्रोलर सर्वसाधारण किमतीत आणले. पुण्याच्या कॉस्मिक बाइटसारख्या भारतीय ब्रँडकडेही असे कंट्रोलर मिळतात, तेही ड्युअलसेन्सपेक्षा बऱ्याच कमी पैशांत. लहान कंपन्यांना जे परवडते ते जगातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांना परवडत नाही, हे म्हणणे मान्य करता येत नाही.

हॉल सेन्सर म्हणजे सर्व दुखण्यांवरचा इलाज नव्हे, हेही सांगायला हवे. त्यातही स्प्रिंग असते आणि ती सैल पडू शकते. प्लॅस्टिकचा दांडा घासून खुळखुळा होऊ शकतो. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ मध्ये मापन प्रकाशाच्या साहाय्याने होत असे, तरी प्लॅस्टिक घासून त्याच्या स्टिक ढिल्या पडल्याच. स्वस्त हॉल स्टिकचे मध्याजवळचे मापन काही वेळा पुरेसे बारीक नसते आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांना ते जाणवते. त्यासाठी आता टीएमआर हा आणखी संवेदनशील चुंबकीय सेन्सर वापरला जाऊ लागला आहे. यातले काहीही कार्बनच्या पट्टीच्या बाजूने जात नाही. सैल स्प्रिंगचा धोका दोन्हीकडे सारखाच आहे. पट्टीची झीज मात्र एकीकडेच आहे.

शिवाय ‘मग दुसरा कंट्रोलर घ्या’ हा सल्ला अनेक कन्सोलवाल्यांना सहजी पाळता येत नाही. पीएस५ चे खेळ सोनीच्याच जुन्या ड्युअलशॉक ४ वर खेळता येत नाहीत, मग परवाना नसलेल्या कंपनीच्या कंट्रोलरची गोष्टच सोडा. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या नोव्हेंबरपासून अनधिकृत कंट्रोलर एक्सबॉक्सवर चालणे बंद केले. संगणकावर खेळणाऱ्याला बाजार खुला आहे. असे कन्सोल घेतलेल्याला तेवढा नाही. ज्याने ग्राहकाचा पर्याय काढून घेतला, त्याने टिकाऊपणाची जबाबदारीही घेतली पाहिजे.

आणखी एक इलाज सुचवला जातो तो डेडझोन वाढवण्याचा. स्टिक मध्यापासून ठरावीक अंतरापर्यंत सरकली तरी खेळाने ती हालचाल मोजायची नाही, असे या सोयीचे स्वरूप आहे. थोडा डेडझोन प्रत्येक खेळात असतोच आणि तो लागतो. पण ड्रिफ्ट झाकण्यासाठी तो वाढवत नेला, की अंगठ्याची बारीक हालचाल वाया जाते, दूरच्या लक्ष्यावर नेम धरताना काहीच घडत नाही आणि मग एकदम झटका बसतो. झीज तर चालूच राहते. काही दिवसांनी वाढवलेली मर्यादाही अपुरी पडते. तात्पुरती सोय म्हणून हे ठीक आहे, दुरुस्ती म्हणून नाही. त्यात एक व्यावहारिक धोकाही आहे: डेडझोन वाढवून काढलेल्या महिन्यांत वॉरंटीची मुदत निघून जाते.

म्हणून बिघाड दिसताच तो नेमका ओळखावा. कंट्रोलर संगणकाला जोडून ब्राउझरमधल्या तपासणीच्या पानावर किंवा विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत स्टिकचे आकडे पाहावेत. स्टिक सोडल्यावर आकडा शून्यापासून दूर पण एका जागी स्थिर राहत असेल, तर स्प्रिंग किंवा मध्याची नोंद चुकलेली असण्याचा संभव अधिक. आकडा थरथरत असेल, तर बहुधा पट्टी झिजली आहे. चारी दिशांना ढकलून सोडल्यावर दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर मळ किंवा ढिलाई. मळ असेल तर कंट्रोलर बंद करून, बॅटरी सोडवता येत असेल तर सोडवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब किंवा इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा आणि पूर्ण वाळू द्यावा. गंज काढायचे तेलकट फवारे वापरू नयेत. त्यांचा थर आत राहतो आणि धूळ धरून ठेवतो. झिजलेली पट्टी मात्र कोणत्याही द्रवाने परत येत नाही. साफसफाईनंतर चार दिवस बरे चालून ड्रिफ्ट परतले, तर भाग बदलण्याला पर्याय नाही.

पुण्यात हे काम होते. लवळ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग व डाखकाम यांसाठी पुणेकर पिढ्यानपिढ्या तिथे जात आले आहेत. सराईत कारागीर जुना डाख शोषून घेतो, चौदा पाय मोकळे करतो आणि नवी स्टिक बसवतो. ड्युअलसेन्समध्ये त्यानंतर मध्याची नोंद नव्याने करावी लागते. त्यासाठीचे साधन सोनीने सर्वसामान्यांना दिले नाही. एका स्वतंत्र प्रोग्रामरने ते ब्राउझरमध्ये चालेल असे तयार केले आणि मोफत खुले केले. ही दुरुस्ती कंपन्यांच्या मदतीने होत नाही, तर कंपन्यांनी उभ्या केलेल्या अडचणींवर मात करून होते. गल्लीतल्या कारागिराकडे अधिकृत सुटा भाग नाही, नकाशा नाही, आणि त्याने कंट्रोलर उघडला म्हणजे उरलेली वॉरंटी गेली असे ग्राहकाला ऐकवले जाते.

वॉरंटी वर्षभराची किंवा त्याहून कमी, आणि ती संपली की कंपनीची जबाबदारी संपली, ही समजूत युरोपात मोडीत निघाली. बीईयूसी या युरोपीय ग्राहक महासंघाने २०२१ च्या जानेवारीत युरोपीय आयोगाकडे जॉय-कॉनबद्दल तक्रार केली. तिच्यामागे सुमारे २५,००० ग्राहकांची निवेदने होती आणि त्यांतल्या ८८ टक्के प्रकरणांत बिघाड पहिल्या दोन वर्षांत झालेला होता. २०२३ मध्ये निन्टेन्डोने युरोपातल्या ग्राहकांसाठी ड्रिफ्ट झालेल्या स्टिकची दुरुस्ती मोफत करण्याचे मान्य केले. वॉरंटी संपलेली असली तरी, आणि झीज वापरामुळे झालेली असली तरीसुद्धा. त्याआधी २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केलेली होती. वापरामुळे होणारी झीज ही ग्राहकाची चूक असती, तर ही सवलत कशासाठी दिली गेली असती? आणि तोच भाग, तीच झीज असताना भारतातल्या ग्राहकाला तो हक्क नाही, याला कोणतेही तांत्रिक कारण नाही. निन्टेन्डो तर भारतात अधिकृतपणे विक्रीच करत नाही. इथला स्विच बाहेरून आणलेला असतो आणि त्याच्या मालकाला कोणीच वाली नाही.

भारतीय कायद्यात मार्ग आहे, तो वापरला जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘दोष’ या संज्ञेत वस्तूच्या गुणवत्तेतली उणीव येते. उत्पादन दायित्वाचे प्रकरण इथे फारसे उपयोगी नाही, कारण वस्तूचे स्वतःचे नुकसान त्यातून वगळलेले आहे. सदोष वस्तूची सरळ तक्रार हाच रस्ता. ती तक्रार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणून लवळ्यात राहणाऱ्याला पुणे जिल्हा ग्राहक आयोग पुरतो. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की गुरुग्रामात. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे धरली. गेम कंट्रोलरचे वेगळे नाव तिथे नाही. ई-कचरा नियम २०२२ मध्ये मात्र व्हिडिओ गेमचा समावेश आहे. टाकून दिलेला कंट्रोलर कचरा म्हणून कायद्याला दिसतो. तो टाकावा लागू नये यासाठीचा नियम अजून व्हायचा आहे.

तो होताना तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. खोक्यावर स्टिकचा कार्यकाल आवर्तनांत छापला जावा. सुटी स्टिक आणि मध्याची नोंद करण्याचे साधन कोणालाही विकत मिळावे. आणि युरोपात दिलेली मोफत दुरुस्ती भारतातही लागू व्हावी. पहिल्या मागणीला कंपन्यांचा एक रुपयाही खर्च होणार नाही, कारण तो आकडा भाग बनवणाऱ्याच्या पत्रकात आधीच आहे.

नियम होईपर्यंत थांबायची गरज नाही. सिम्बायोसिसची अभियांत्रिकी संस्था लवळ्यातच आहे. डाखकामाची साधने आणि ती चालवू शकणारे हात तिथे आहेत. वसतिगृहातले कंट्रोलर आठवड्यातून एक दिवस तपासून दुरुस्त करणे आणि कोणता भाग किती महिन्यांत गेला याची नोंद ठेवणे विद्यार्थ्यांना सहज जमेल. आयोगापुढे एकट्या ग्राहकाच्या म्हणण्यापेक्षा अशा शंभर नोंदींना वजन राहील. ज्याचा कंट्रोलर आज ड्रिफ्ट होतो आहे त्याने बिल जपावे, आकडे थरथरताना व्हिडिओ काढावा, सेवा केंद्राचे उत्तर लेखी घ्यावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे काम झाले नाही तर जिल्हा आयोगात जावे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.